कुंपणापलीकडचं कोहळं

सिंगापुरात चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकखाली रोज सकाळी फिरणाऱ्या मराठी बायकांचा एक गट आहे. निवृत्त झाल्यावर मीही त्यात दाखल झाले. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, तुम्ही नेमकं काय काम करायच्या हो? मी म्हटलं, चिनी प्राध्यापकांचे लेख वाचायचे. ती पन्नास पावलं चालली आणि मग म्हणाली, "अशी नोकरी असते?"

असते. मी ती एकवीस वर्षं केली. आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारला आहे, तर एकदाचं सगळं सांगूनच टाकते. आमच्या नातेवाइकांत मी हेर आहे असा एक समज आहे, तोही यानिमित्तानं दूर झाला तर बरं. हेराला इतकं बसून राहावं लागत नसावं.

माझं ऑफिस बुओना व्हिस्टाला. चीनचं परराष्ट्र धोरण कसं ठरतं याचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था. चीनमध्येही अशा संस्था आहेत, आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या. थिंक टँक म्हणतात त्यांना. काही मंत्रालयांच्या पदराखाली, काही विद्यापीठांत, काही नक्की कुणाच्या हे कुणी विचारत नाही अशा. सरकारनं शेजाऱ्यांशी कसं वागावं, कुठं बंदर बांधावं, कुणावर डोळे वटारावेत आणि कुणाकडे पाहून हसावं, यावर तिथले लोक लिहीत असतात. ते लिहितात म्हणून सरकार तसं वागतं, की सरकार तसं वागणार असतं म्हणून ते लिहितात, हे ओळखणं म्हणजे माझी नोकरी.

चिनी भाषेकडे मी आले ती पाली शिकता शिकता. नागपूरला एमए करताना आमचे सर सांगायचे की आपल्याकडे हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरात शाबूत आहेत. ते वाचायचेच असं मनाशी धरून मी चिनी शिकायला घेतली. पुढे लग्न झालं, अशोकना तुआसला इंजिनिअरची नोकरी लागली, आम्ही इथं आलो आणि भिक्षूंच्या भाषांतरांसाठी शिकलेली लिपी मी बंदरांचे अहवाल वाचण्यात खर्ची घातली. त्याचं वाईट वाटतं अधूनमधून. ते ग्रंथ आता निवृत्तीत वाचते आहे.

सुरुवातीला मी सपाटून आपटले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका निवृत्त लष्करी गृहस्थांचा एक लेख चिनी वर्तमानपत्रात आला. नुसती आग. मी घाबरून तीन पानी टिपण लिहिलं की आता काही खरं नाही. आमच्या साहेब होत्या मिसेस टॅन, इथल्याच, पंचेचाळिशीतल्या, केसांना कधी रंग न लावलेल्या. त्यांनी ते टिपण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की हा माणूस लिहितो ते कुणासाठी? वाचकांसाठी, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे साहेबांसाठी नाही. मग एवढं घाबरायचं कशाला?"

मग त्यांनी मला धंद्याचं मर्म सांगितलं. जे छापून येतं ते बहुतेक वेळा आधीच ठरलेल्या गोष्टीचं समर्थन असतं. ज्याचा खरा उपयोग होतो ते कागद छापलेच जात नाहीत. दोन-तीन पानांचं टिपण असतं, बंद पाकिटातून वर जातं. एखाद्या बड्या माणसाच्या टेबलावर पोचलंच, तर तो समासात चार शब्द लिहितो. त्या चार शब्दांसाठी तिकडचा प्राध्यापक वर्षभर झुरतो. पुस्तक निघालं तर त्याचं अभिनंदन होतं, पण समासातले चार शब्द मिळाले तर बढती होते.

मिसेस टॅनना वाटलं, मला हे समजायला वेळ लागेल. मला एका क्षणात समजलं, कारण माझे बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते. शेरा! टिपणी कितीही लांबलचक असो, बाबा आधी समास बघायचे. "पाहिले." "चर्चा करावी." "नियमानुसार कार्यवाही व्हावी." आमच्या घरात शेऱ्यांवर जेवताना चर्चा व्हायची. कुठला साहेब "पाहिले" लिहून फाईल मारतो आणि कुठला "पाहिले" लिहून ती पुढे ढकलतो, हे बाबा सहीच्या वळणावरून सांगायचे. अख्खं चीनचं परराष्ट्र खातं मला त्या दिवशी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आल्यासारखं वाटलं.

अडचण एवढीच की तो शेरा आम्हाला कधी दिसत नाही. तो कुणावर पडला हे खुणांवरून ओळखायचं. एखाद्या लेखात एखादी नवी कल्पना किंवा दाखला दिसतो. तीन महिन्यांत तोच दाखला पाच संस्थांच्या पाच लेखांत आला, तर समजायचं की वर कुणाला तरी तो आवडला आहे. एखादा शब्द वर्षानुवर्षं येत होता आणि एकाएकी येईनासा झाला, तर तेही लिहून ठेवायचं. तुआसला एका जहाज कंपनीत कुलकर्णी म्हणून मॅनेजर होते, मूळचे पुण्याचे. ते आमच्या व्याख्यानांना यायचे आणि दर वेळी मला कोपऱ्यात गाठून विचारायचे, मॅडम, सरकार नक्की कोणत्या थिंक टँकचं ऐकतं ते सांगा, म्हणजे तेवढीच वाचू. मी एकदा वैतागून म्हटलं, कोण काय बोलतंय ते सोडा, कोण बोलायचं थांबलंय तिकडे लक्ष ठेवा. कुलकर्णी विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे आमच्या घरासारखंच की."

आता गू लाओशींबद्दल. लाओशी म्हणजे गुरुजी. तिकडे प्राध्यापकाला असंच हाक मारतात. माझं चिनी नाव मेइ, मेश्राममधल्या "मे"वरून पडलेलं, म्हणून मी त्यांच्यासाठी मेइ लाओशी. गू लाओशी बीजिंगमधल्या एका संस्थेत होते, लहान शेजारी देशांशी चीननं कसं वागावं हा त्यांचा विषय. दर वर्षी दोन्हीकडच्या अभ्यासकांची इथं दोन दिवसांची बैठक भरायची. बैठकीच्या खोलीत सगळे पाहुणे सरकारी भाषेत बोलायचे, आळीपाळीनं, तेच ते. खरं बोलणं व्हायचं चहाच्या सुट्टीत, भिंतीजवळ उभं राहून. नियम असा की ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं आणि कुठल्या संस्थेचं ते कधीही लिहू नका. मी सगळं मराठीत लिहून घ्यायची. समोरच्याला देवनागरी वाचता येत नसली की माणूस निवांत बोलतो.

आमचा घरोबा झाला तो त्यांच्या मुलीमुळे. युन इथल्या विद्यापीठात शिकायला आली तेव्हा गू लाओशी मला म्हणाले की एकुलती एक आहे, जरा लक्ष ठेवा. ठेवलं. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. आमची मैत्रेयी आणि ती एकाच वयाच्या, दोघी सिंगापुरी इंग्रजीत, दर वाक्याच्या शेवटी इथलं "लाह" लावत, अखंड बडबडायच्या. वरणात तिखट घालून खायची युनची तऱ्हा अशोकना अजून आठवते.

कोविडच्या दोन वर्षं आधीची बैठक. चहाच्या सुट्टीत गू लाओशींनी मला विचारलं, तुम्ही चिनी शिकलात तरी कशासाठी? इतक्या वर्षांत त्यांनी ते विचारलं नव्हतं. मी ग्रंथांची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले. म्हणाले, म्हणजे वेल तुमचा आणि फळ लागलं आमच्या अंगणात. आणि मग त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील शेतकरी, परसात लाल भोपळ्याचा वेल. आमच्या नागपूरकडे त्याला कोहळं म्हणतात, मी वहीत तेच लिहिलं. वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे गेला की वडील कधी खेचून घ्यायचे नाहीत. पलीकडे लागलेलं कोहळं शेजाऱ्याचं, असा त्यांचा नियम. त्यामुळे व्हायचं काय, की उन्हाळ्यात वडील गावाला गेले तरी शेजारी त्या वेलाला पाणी घालायचा. गू लाओशी म्हणाले, आमचे लोक लहान देशांत बंदरं बांधतात आणि पलीकडचं कोहळंही मोजून घरी आणतात. माणसं आपली, मुकादम आपला, नफा आपला. मग शेजारी वेल कापायला निघाला की आम्हाला नवल वाटतं.

मी लिहून घेतलं आणि त्याच क्षणी समासात माझा स्वतःचा शेरा मारला: "हे सोडू नये."

आठवड्याभरात मी आमच्या संस्थेसाठी इंग्रजीत छोटा लेख लिहिला. चीनच्या अभ्यासकांत एक वेगळा सूर उमटतो आहे, असा त्याचा आशय. नाव नाही, संस्था नाही, शहरसुद्धा नाही. कोहळ्याची गोष्ट मात्र जशीच्या तशी. मिसेस टॅननी त्यावर लाल पेनानं गोल केला. त्यांचं म्हणणं, आशय ठेव, गोष्ट काढ. मी वाद घातला. सगळा लेख त्या गोष्टीवर उभा आहे, ती काढली तर उरतं काय? त्या म्हणाल्या, "तू नाव झाकलंस लाह. आवाज झाकला नाहीस."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला माझ्या त्या परिच्छेदाचा मोह पडला होता. पंधरा वर्षं रूक्ष टिपणं लिहिल्यावर एकदा काहीतरी चांगलं लिहून झालं होतं. लेख छापला गेला.

चार महिन्यांनी पहिला वेल दिसला. शांघायकडच्या एका संस्थेच्या लेखात कुंपण ओलांडणाऱ्या वेलाचा दाखला. मग आणखी एक. मग एकदम तीन. आमच्या ऑफिसात उत्सव व्हायचा बाकी होता, कारण खूण अगदी पाठ्यपुस्तकातली: वर कुणीतरी शेरा मारला आहे. मी मात्र हादरले. आमची संस्था जशी त्यांचे लेख वाचते, तशी त्यांच्याकडेही आमचे लेख वाचून भाषांतर करणारी माणसं आहेत. परदेशी लोक आपल्याबद्दल काय म्हणतात याची टिपणं तयार होतात आणि वर जातात. माझा लेख तसाच गेला असणार. आणि गू लाओशी ती कोहळ्याची गोष्ट वर्गात दर वर्षी सांगायचे, हे मला युननंच कधीतरी सांगितलं होतं. लेख लिहिताना ते मला आठवलं नाही.

पुढच्या बैठकीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्याऐवजी एक तरुण गृहस्थ आले. चौकशी केली तर म्हणाले, प्रकृती बरी नसते. रविवारी युन आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिनं भाजी चिरता चिरता सांगितलं की प्रकृती उत्तम आहे, पण ऑफिसनं परवानगी नाकारली. त्यांच्याकडे पासपोर्ट ऑफिसात जमा असतो, प्रत्येक प्रवासाला अर्ज करावा लागतो. का नाकारली? तिला माहीत नव्हतं. "ऑफिसचं काहीतरी, बाबा बोलत नाहीत," एवढंच ती म्हणाली.

मला सांगता आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या रविवारी नाही. फोनवर गू लाओशींना विचारणं शक्यच नव्हतं. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, हे तर मीच नव्या मुलांना शिकवायची. मग कोविड आला. दोन वर्षं जगात सगळ्यांचेच पासपोर्ट कपाटात पडून होते, आणि मला लाजिरवाणा दिलासा मिळाला की आता ते न येण्याचं कारण मी नाही. मैत्रेयीला एकदा सगळं सांगितलं तर म्हणाली, "आई, यू थिंक टू मच लाह." तिचं खरंही असेल. पण वेलाचे दाखले छापून येत होते आणि ज्याच्या बापाचा तो वेल त्याचं नाव कुठेच नव्हतं. लेख नाहीत, व्याख्यानं नाहीत. कोण बोलायचं थांबलंय ते बघा, असं मी कुलकर्णींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं ना, ते असं माझ्यावरच उलटलं.

रस्ते खुले झाले आणि युनचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, जेसन, सालस. त्यांच्यात लग्नाच्या सकाळी नवरा-नवरी आईवडिलांसमोर गुडघे टेकून त्यांना दोन्ही हातांनी चहा देतात. तो चहा आईबाप प्याले म्हणजे लग्नाला घरची संमती मिळाली. मुलीकडचा चहा मुलीच्या घरी व्हावा लागतो, आणि युनचं इथं माहेर म्हणजे आमचाच फ्लॅट. गूंच्या बायकोला यायला अडचण नव्हती, त्या आल्या. गू लाओशींना परवानगी मिळाली नाही.

आमच्या हॉलमध्ये दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर युनची आई बसली. दुसरीच्या मागे मी उभी राहिले, हातात फोन धरून, फोनमध्ये गू लाओशी. त्यांनी कोट घातला होता. युननं गुडघे टेकले, कप दोन्ही हातांनी वर केला आणि फोनसमोर धरला. तिकडे त्यांनी स्वतःच्या टेबलावरचा कप उचलला आणि प्याले. मग हसून काहीतरी आशीर्वाद दिला, तो मला नीट ऐकूही आला नाही, कारण फोन हलू न देण्यात माझा सगळा जीव गोळा झाला होता. सगळी मंडळी खाली गाड्यांकडे गेली. युनच्या हातातला कप टीपॉयवर तसाच राहिला होता, भरलेला. मी तो बेसिनमध्ये ओतला. ते बेसिन मी अजून वापरते आणि ती सकाळ मला अजून आठवते.

नोकरीची शेवटची वर्षं मी चांगली काढली, तक्रार नाही. मिसेस टॅनच्या जागी मी बसले आणि नव्या मुलांच्या लेखांवर लाल गोल करू लागले. मुलांना वाटायचं, मेश्राम मॅडमना गोष्टींचं वावडं आहे. कुणी एखाद्या पाहुण्याचं छान वाक्य जसंच्या तसं लिहिलं, की मी आशय ठेवायला सांगायची आणि वाक्य काढायला लावायची. एका मुलीनं धीर करून कारण विचारलं, तेव्हा तिला मी कोहळ्याची गोष्ट सांगितली, अर्थात नाव न घेता.

या वर्षी चिनी नववर्ष उलटल्यावर युनचा फोन आला. तिला मुलगी झाली होती, आणि बाबा येत आहेत, ती म्हणाली. निवृत्त झाले, त्यानंतर पासपोर्ट रोखून धरायचा सक्तीचा काळ संपला, पासपोर्ट हातात मिळाला. सगळ्यात आधी तुम्हाला भेटायचं म्हणतात, आणि वही घेऊन यायला सांगितलं आहे. कोणती वही हे मी विचारलं नाही.

आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये सकाळी दहाला भेटलो. केस पार पांढरे, पण चाल तीच, घाईघाईची. युन बाळाला जेसनकडे ठेवून आली होती, ती चहा आणायला रांगेत उभी राहिली. मी ठरवून आले होते की आधी माफी मागायची, मग बाकीचं. मागितली. लेख, गोष्ट, मिसेस टॅनचा लाल गोल, सगळं एका दमात सांगून टाकलं. माझं संपल्यावर ते म्हणाले, "ते टिपण मी चार वर्षं वर पाठवत होतो, मेइ लाओशी. दर वेळी आमच्याच संस्थेतून परत यायचं. घरच्या माणसाचं कोण ऐकतं? म्हटलं, बाहेरून जाऊ दे."

मला कळायला जरा वेळ लागला. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही मला मुद्दाम सांगितलं?"

"त्या वर्षी मी ती गोष्ट तीन देशांत तीन जणांना सांगितली. दोघांनी लिहिलं, संयमाची गरज आहे. कोहळं फक्त तुम्ही ठेवलंत."

आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी एकवीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचून कोण कुणाला वापरतंय हे शोधत होते आणि माझ्याच नाकाखाली हा भला माणूस मला टपालपेटी करून गेला! मी म्हटलं, इतकी वर्षं तुमच्या मुलीच्या डोळ्यांकडे मी नीट बघू शकले नाही. मला सांगायचं तरी होतं.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं नसतं," ते म्हणाले. "आणि नंतर कसं सांगणार? फोनवर?"

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. माझ्या लेखाचं भाषांतर परदेशी मत म्हणून वर गेलं आणि समासात शेरा पडला: अभ्यास करावा. दोनच शब्द. लगेच सगळे वेलाचा अभ्यास करू लागले. आठवड्याभरात संस्थेत कुणीतरी ओळखलं की हे तर आपल्या गूंचं कोहळं. विचारणा झाली, त्यांनी नाकारलं नाही. व्याख्यानं बंद, पासपोर्ट कपाटात. हे होऊ शकतं हे त्यांनी धरलंच होतं. मी विचारलं, आणि धोरण? धोरण बदललं का? ते हसले. कुठल्याशा एका बंदराच्या करारात स्थानिक कामगार घेण्याचं एक कलम नव्यानं आलं, असं त्यांनी ऐकलं होतं. स्वतः पाहिलेलं नव्हतं. मला विचाराल तर एक कलम म्हणजे थोडं नाही. आमच्या धंद्यात माणसं जन्मभर एका स्वल्पविरामाची वाट बघतात.

मग ते म्हणाले, आणा ती वही. पान काढून दिलं. वाचून दाखवा म्हणाले, तुमच्याच भाषेत. मी मराठीत वाचलं, कोहळं, कुंपण, शेजारी, पाणी. एक अक्षरही कळत नसताना ते मान खाली घालून ऐकत होते. समासाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, तो माझा शेरा, हे सोडू नये. त्यांनी माझं पेन घेतलं, शेऱ्याखाली आपलं नाव लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला. तिकडच्या साहेबाला कागद वाचल्याची नोंद करायची असली की तो आपल्या नावाभोवती असाच गोल काढतो. माझ्या नोकरीत मला मिळालेला तो एकमेव शेरा. बाबा असते तर वही हातात घेऊन वळण तपासलं असतं.

"एकच गोष्ट मी धरली नव्हती," वही मिटून ते म्हणाले. "लग्न. ती तुमची चूक नाही. माझी आहे, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही."

तेवढ्यात युन ट्रे घेऊन आली. तिन्ही कप तिनं नेहमीसारखे धाडधाड टेबलावर ठेवले. गू लाओशी तिला म्हणाले, बस, आणि मग त्यांनी तिला ते सांगितलं, चार-पाच वाक्यांत, कुठेही स्वतःची बाजू न घेता. मला वाटलं होतं ती चिडेल, निदान मला तरी दोन शब्द सुनावेल. तिनं टेबलावर सांडलेला चहा पुसला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वर्तमानपत्राचं पान उलटत होते.

मग तिनं बाबांपुढचा कप उचलला, बशीसकट, दोन्ही हातांनी. जमिनीवर गुडघे टेकायला तिथं जागा नव्हती, ती खुर्चीतच जरा पुढे वाकली. "बाबा, चहा घ्या," ती म्हणाली.

त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि थांबत थांबत सगळा प्याले. या वेळी फोन धरायचा नव्हता. माझे दोन्ही हात मोकळे होते, म्हणून मीही माझा कप उचलला.